मक्केत हैदराबादी, पुण्यात ‘बाहेरचे’

वसमतहून हजला गेलेल्या माणसाला महिना-सव्वा महिन्यात किती ओळखी चिकटतात, कधी मोजल्यात का? हज कमिटीच्या कागदावर तो महाराष्ट्राचा हाजी. मक्केच्या रस्त्यावर तो ‘हिंदी’. एखाद्या दुकानदाराला तो ‘बाकिस्तानी’ वाटतो, कारण अरबीत ‘प’ नाही आणि अंगातला लांब कुडता बघून दुसरं काही त्याच्या डोक्यात येत नाही. कराचीहून आलेल्या हाजीला मात्र आपला माणूस तोंड उघडल्याबरोबर कळतो. ‘कायकू’ आणि ‘नक्को’ कानावर पडलं की तो हसून विचारतो, ‘आप हैदराबाद के हैं ना?’ आपला माणूस म्हणतो, नाही, वसमत, नांदेडजवळ. कराचीवाल्याला नांदेड माहीत नसतं. मग तोच तोडगा काढतो, ‘मतलब हैदराबाद की तरफ.’

आणि गंमत अशी की मक्केत त्याचं म्हणणं अगदीच चूक नसतं. हैदराबादच्या निजामांनी आपल्या रयतेतल्या हाजींसाठी मक्केत रुबातींची सोय केली होती. रुबात म्हणजे फुकट उतरायची धर्मशाळा. संस्थान 1948 मध्ये संपलं, पण रुबातीत उतरायचा हक्क जुन्या हैदराबाद संस्थानच्या जिल्ह्यांतल्या हाजींचाच धरला जातो : तेलंगणाचे, कर्नाटकातल्या बिदर-गुलबर्गा-रायचूरकडचे आणि आपल्या मराठवाड्याचे. जागा थोड्या, नावं जास्त, म्हणून हैदराबादेत सोडत निघते. त्या सोडतीत नाव निघालं की वसमतचा हळद पिकवणारा शेतकरी मक्केत पोचल्यावर निजामाच्या रयतेतला माणूस ठरतो. पोलीस कारवाईला पाऊणशेहून जास्त वर्षं झाली, हे त्या दारात कुणाला आठवत नाही.

वसमतच्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. गावालाच दोन नावं आहेत. आपण वसमत म्हणतो, रेल्वेच्या वेळापत्रकात बसमत छापलेलं बघत आलो आणि उर्दूत तर कायम बसमतच लिहिलं गेलं. 1940 साली इथे जन्मलेला माणूस घराचा उंबरठा न हलवता निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, 1956 ला मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्रात आला आणि 1 मे 1999 ला परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्ह्यात. अशा माणसाला परक्या मुलखात कुणी चुकीच्या नावाने हाक मारली तर तो रागावत नाही. दुरुस्त करतो आणि तवाफला निघून जातो.

मला भांडायचंय ते इथून पुढे. परदेशातला अनोळखी माणूस आपल्याला चुकीचं ओळखतो तो त्याचा अंदाज असतो. त्याने आपलं गाव पाहिलेलं नाही, आपल्या शाळेत तो शिकलेला नाही. आपण एक वाक्य सांगितलं की तो मान डोलावतो आणि ऐकतो. ज्याने सगळं पाहिलंय, जो आपल्याच बाकावर बसून चौथीचं पुस्तक वाचत होता, तो जेव्हा म्हणतो की ‘तुम्ही मराठी वाटत नाही हो’, तेव्हा त्याला अंदाज म्हणायचं का? त्याला माहिती कमी पडलेली नाही. त्याने ठरवलेलं आहे.

आखाताचं गोड चित्र रंगवायचं नाही, हेही सांगून टाकतो. तिथे ‘रफीक’ म्हणून हाक मारतात. शब्दाचा अर्थ मित्र, सोबती. पण मालक मजुराला रफीक म्हणतो, मजूर मालकाला म्हणत नाही. पासपोर्टचा रंग बघून पगार ठरतो, एकच काम करणाऱ्या फिलिपिनी, भारतीय आणि युरोपीय माणसाच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि कफीलच्या मेहरबानीवर दिवस काढावे लागतात. रत्नागिरी-रायगडपासून मराठवाड्यापर्यंत हजारो घरांनी हे भोगलंय. तिथे उम्मत, बिरादरी वगैरे शब्द जुम्म्याच्या खुतब्यात असतात, पगाराच्या दिवशी नसतात. आपल्यापैकी ज्यांना वाटतं की अरब आपल्याला आपलं मानतात, त्यांनी एकदा रियाधच्या लेबर कॅम्पातून परत आलेल्या माणसाशेजारी बसून चहा घ्यावा.

तरीसुद्धा तिथे एक गोष्ट होते जी इथे होत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला उमराहून आल्या. आयुष्यभर आठवडी बाजारात भाजीची टोपली घेऊन बसलेल्या, मराठी कामापुरतं पण खणखणीत. मदिनेत काय पाहिलंत विचारलं तर सांगू लागल्या, दुकानदार साबणाला ‘साबून’ म्हणाला, खुर्चीला ‘कुर्सी’, हिशेबाला ‘हिसाब’, दुकानाला ‘दुक्कान’. ‘मय बोली, ये तो मराठीच बोलरा!’ सगळे हसले. पण खाला चुकीचं काय बोलल्या? तारीख, वकील, हजर, बाकी, मालक, अर्ज, तहसील हे शब्द काढून टाकले तर वसमतच्या तहसील कचेरीत एक कागद पुढे सरकायचा नाही. शेतकऱ्याचे खरीप आणि रब्बी अरबीतून आलेत. ओमानमध्ये सलालाहला पावसाळी हंगामात धुकं उतरतं, डोंगर हिरवे होतात, आखातातले लोक ते बघायला गर्दी करतात. त्या हंगामाला ते ‘खरीफ’ म्हणतात. आपला शेतकरी तिथे मजुरीला गेला तर त्याला तो शब्द शिकवावा लागणार नाही.

उलट बाजूही तशीच आहे. कराचीवाल्याला जो ‘नक्को’ हैदराबादी वाटतो तो आपला मराठी ‘नको’ आहे. ‘मेराच’, ‘अइसाइच’ यांतला ‘च’ मराठीचा आहे, उत्तरेच्या उर्दूत तो नाही. जेद्दाच्या बाजारात एखादा हैदराबादी नवाबजादा ऐटीत ‘नक्को मियाँ’ म्हणतो तेव्हा तो मराठी बोलत असतो, त्याला कल्पना नसली तरी. आमच्या घरात दखनी बोलली जाते हे पुरावा म्हणून पुढे करून जे आम्हाला मराठीच्या बाहेर काढतात, त्यांना दखनीची ओळख नाही. जिचा नकार मराठी आहे, ती भाषा मराठी मुलखाबाहेरची कशी?

आता इथली गोष्ट. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी विचारा, ‘त्या गल्लीत कोण राहतं?’ उत्तर येतं, ‘अर्धी मराठी घरं आहेत, अर्धी मुसलमानांची.’ बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. वाईट नसतं, हेच जास्त गंभीर आहे. त्याने वाटणी केली आहे हे त्याला कळलेलंही नाही. पुण्यात खोली शोधणाऱ्या आमच्या मुलांना याचा रोजचा अनुभव असतो. फोनवर मराठीत बोलणं होतं, घरमालक काका खूष असतात, परभणीकडचे का, छान छान, आमची सासुरवाडी तिकडचीच. मग नाव विचारलं जातं. शेख म्हटलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघते. तोच आवाज, तेच मराठी. पाच मिनिटं तो मुलगा मराठी होता, नाव सांगितलं आणि राहिला नाही.

याहून गोड प्रकार म्हणजे कौतुक. ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो! कुठे शिकलात?’ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, दुसरीकडे कुठे शिकणार? देशपांडे आडनावाच्या माणसाला कुणी हा प्रश्न विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तो पाहुणा नाही, आम्ही आहोत, हे त्या कौतुकात गृहीत धरलेलं असतं. परदेशात कुणी आपल्या इंग्रजीचं असं कौतुक केलं की हीच मंडळी घरी येऊन चिडतात : ‘मी काय जंगलातून आलोय का?’ बरोबर आहे, चिडायलाच पाहिजे. फक्त ती चीड आठवणीत ठेवून एकदा इकडे बघावं.

यावर लगेच एक उत्तर फेकलं जातं. यू. म. पठाण अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले की! झाले, 1990 साली पुण्यात. महानुभाव आणि संत साहित्यासाठी हयात घालवलेला माणूस होता, संमेलनानेच स्वतःचा मान वाढवून घेतला. पण त्याच 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांनी भरवलं, याचाही अर्थ लावा. एका पठाणांना व्यासपीठावर बसवून ज्यांचा हिशेब पूर्ण होतो, त्यांना बाकीच्या शेख-सय्यद-तांबोळी-अत्तारांनी काय लिहिलं ते वाचायची गरज वाटत नव्हती. म्हणून वेगळा मांडव घालावा लागला. वेगळं संमेलन म्हणजे फुटीरपणा, असं तेव्हाही म्हटलं गेलं. दलितांच्या, ग्रामीणांच्या संमेलनांनाही हेच ऐकावं लागलं होतं.

आणखी मागे जा. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे. बार्शीचे अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या डफावर मैदानं भरत होती त्यांतला एक मोठा आवाज या शेखचा होता, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांच्या जोडीचा. ज्या राज्यातलं मराठीपण आम्हाला तपासून दाखवायला सांगतात, ते राज्य मागायला हा माणूस गावोगाव फिरला. बॅरिस्टर अंतुले याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. ही यादी वाढवायचा मला कंटाळा आहे. खरं तर यादी द्यावी लागते याचाच कंटाळा आहे. जोश्यांना, पाटलांना मराठी ठरण्यासाठी पूर्वजांची यादी खिशात बाळगावी लागत नाही.

एक तुलना मात्र करतोच. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांची. अलिबाग, रेवदंडा, पेणकडचे हे ज्यू, गावात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’. घरची भाषा मराठी, आडनावं पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी. इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या लोकांना ते आधी ‘इंडियन’ दिसले, ज्यू नंतर. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वज तपासायचा फतवा काढला. 1962 ते 1964 त्यासाठी भांडावं लागलं, रस्त्यावर धरणं धरावं लागलं, संसदेला ठराव करावा लागला. म्हणजे इथे शनवार तेली, तिथे इंडियन. त्यांनी काय केलं? ज्यू असणं सोडलं नाही आणि मराठीही सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून काढलं. आपल्या वर्तमानपत्रांत दर काही वर्षांनी त्यावर कौतुकाचा लेख येतो : हजारो मैलांवर जपली मराठी! मला त्यांचा हेवा नाही, वाचून आनंदच होतो, तिथलं राजकारण बाजूला. पण त्या लेखाच्या संपादकाला एक विचारायचंय. धर्म वेगळा असून मराठी असणं तेल अवीवमध्ये इतकं लोभस दिसतं, ते वसमतच्या कारखाना रोडवर का दिसत नाही? तिथे धर्म आड आला नाही, इथे कसा येतो?

परदेशातल्या मराठी माणसांकडेही एक तक्रार आहे. तिथल्या मंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिका बघा. संक्रांत, पाडवा, गणपती, कोजागिरी, दिवाळी पहाट. सगळं छान, मुलांनी करावंच. आमची पोरं गणपतीच्या मांडवात ढोल बडवतच मोठी झालीत. पण ‘मराठी’ नाव लावलेल्या मंडळाला ईदला एक शीरखुर्म्याची संध्याकाळ सुचत नाही, नाताळला वसईच्या ख्रिस्ती मराठी माणसाची आठवण होत नाही. मग शेजारच्या इंग्रजाला किंवा अमेरिकनाला वाटणारच की मराठी हे एका धर्माच्या लोकांचं नाव आहे. त्याला तसं दाखवलं कुणी?

इथपर्यंत वाचून माना डोलावणाऱ्या माझ्या बिरादरीतल्या वाचकांनो, आता तुमच्याकडे वळतो. गल्लीतली घरं ‘मराठी’ आणि ‘मुसलमान’ अशी मोजणारे फक्त तेच आहेत का? आपल्या घरात काय म्हणतात? ‘उनो मराठी लोगां हय.’ शेजारचे जाधव म्हणजे मराठी लोगां आणि आपण? आपण कोण आहोत मग? ही वाटणी आपणही तितक्याच सहज करतो आणि मग पुण्यात कुणी तीच वाटणी आपल्यावर केली की दुखावतो. दुबईला गेलेला आपला मुलगा तिथे दोन वर्षांत ‘हम असल में हैदराबादी हैं’ सांगू लागतो, कारण हैदराबादीला बिर्याणीचा दर्जा आहे, वसमतला नाही. परत येतो तेव्हा अंगात अरबी तोब असतो आणि बोलताना खुदा हाफिज जाऊन अल्लाह हाफिज आलेलं असतं. त्याचा त्याने ठरवावा, माझी हरकत कपड्याला नाही. हरकत याला आहे की मुलीला तो मराठी शाळेतून काढतो आणि म्हणतो, मराठी घेऊन काय करायचंय, ती त्यांची भाषा. ज्या अरबाची नक्कल चाललीय, त्याला विचार की बाबा. तो तुला ‘हिंदी’ म्हणतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. हिंद हे अरब मुलींचं जुनं, आवडतं नाव आहे. मक्केत मदरसा सौलतिया उभा करणारे रहमतुल्लाह कैरानवी तिथे ‘हिंदी’ म्हणूनच ओळखले गेले. मक्केत जन्मलेले मौलाना आझाद इथे येऊन हिंदुस्तानचे शिक्षणमंत्री झाले. मक्केला ज्याची लाज वाटली नाही, ते लपवायला तू का धडपडतोस?

नाव लपवायची खरी वेळ आलेली माणसंही असतात, त्यांना मी यात धरत नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुसलमानांची वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने तिथे प्रत्येक माणसाला खान्यात बसवलं. ‘इंडियन’ आणि ‘मलाय’ असे वेगळे खाने. कुठे राहायचं ते खान्यावर ठरणार आणि इंडियन खान्यातल्या माणसाला एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायलाही परवाना. अशा वेळी काही कोकणी कुटुंबांनी मलाय खान्याचा आसरा घेतला असेल तर त्यांना कोण नावं ठेवील? चेहरा बघून सरकारी कारकून तुमची जात ठरवणार असेल तर माणूस डोक्यावरचं छप्पर वाचवतो. पण आपल्या दुबईकर मुलावर कुणी असा कायदा लावलेला नाही.

आता सगळ्यात कठीण प्रकार. 15 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा गावी एका शीख माणसाला त्याच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या, पगडी-दाढी बघून तो अरब वाटला म्हणून. 22 फेब्रुवारी 2017 ला कॅन्ससमधल्या ओलेथ गावी हैदराबादकडच्या एका हिंदू अभियंत्याला मारलं. मारणाऱ्याने नंतर सांगितलं, मी इराणी मारले. दोन्ही वेळी आपल्याकडे जी प्रतिक्रिया उमटली तिच्यात एक सूर होता : अरेरे, चुकीच्या माणसाला मारलं. म्हणजे बरोबर माणूस कोण होता? खरोखरच कुणी इराणी तिथे बसला असता तर गोळी नीट जागी लागली असती का? 2011 साली न्यूयॉर्कच्या विमानतळावर अब्दुल कलामांची झडती झाली तेव्हा हेच वेगळ्या शब्दांत ऐकू आलं. ‘कलामांनासुद्धा!’ त्या ‘सुद्धा’त बाकीच्या सगळ्या खान-शेख-अन्सारींची झडती मान्य करून टाकलेली असते.

परदेशातल्या काही भारतीयांनी या काळात एक सोपा उपाय शोधला : ‘मी मुसलमान नाही’ असं आधीच सांगून मोकळं व्हायचं. याच्या उलट अमेरिकेतल्या अनेक शिखांनी मारहाण सोसूनही ‘आम्ही ते नाही’ या उत्तराचा आसरा घ्यायचं नाकारलं. ते म्हणत राहिले, आम्ही शीख आहोत, आणि मुसलमानालाही मारायचा तुम्हाला हक्क नाही. नांदेडच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ही माणसं परकी नाहीत. त्यांचा आणि आपला संबंध तर नामदेवांपासूनचा. नर्सीच्या नामदेवांची पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, पंजाबात घुमानला त्यांच्या नावाने जत्रा भरते आणि तिथे कुणी विचारत नाही की हा मराठी की पंजाबी. 2015 साली मराठी साहित्य संमेलन घुमानला गेलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला नामदेव दोन्हीकडचे आहेत याचा अभिमान वाटला. दोन्हीकडचं असणं कळतं, म्हणजे. कळत नाही असं नाही.

आणि ‘मी तो नाही’ हे उत्तर फक्त परदेशातल्या हिंदूच्या तोंडी असतं असं समजू नका. जून 2025 मध्ये मुंबईकडे मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मुसलमान मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं गेलं. त्यांच्या राज्याने कागदपत्रं पुढे केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. माणूस आपल्याच देशात, हातात आपलीच ओळखपत्रं, आणि बोली ऐकून कुणीतरी ठरवतं की हा इथला नाही. त्या आठवड्यात आपल्या चहाच्या टपरीवर काय बोललं जात होतं? ‘अपने कू क्या डर, अपन तो मराठी है.’ वा! एरवी जाधवांना मराठी लोगां म्हणणारे आपण त्या आठवड्यात एकदम मराठी झालो. मराठीपण आठवलं ते बंगाल्यापासून अंग चोरायला. ओलेथनंतर ‘मी मुसलमान नाही’ म्हणणाऱ्या माणसात आणि टपरीवरच्या आपल्यात मला काही फरक दिसत नाही. मी मराठी आहे हे मी रोज सांगीन, गुत्तेदाराला, प्राचार्यांना, संमेलनवाल्यांना, घरमालकाला. पण मुर्शिदाबादच्या गवंड्याला बाजूला सारून स्वतःची सुटका करून घ्यायला ते मी वापरणार नाही. उद्या बोलीवरून नाही तर नावावरून निवडायचं ठरलं, तर मराठीच्या आड कुठे लपणार आहोत?

तेव्हा परदेशी असो की पुणेरी, विचारणाऱ्याला सगळं सांगायचं. मुसलमान, मराठी, वसमतचा, घरी दखनी बोलणारा. यातलं एक वगळलं तर दुसरं जास्त चमकेल, हा हिशेब करायचा नाही. अरबासमोर मराठी वगळायची नाही, मंडळात ईद वगळायची नाही, घरमालकासमोर शेखचं ‘सतीश’ करायचं नाही. खोली जाते तर जाऊ द्या, असं मी शहाणपणाने म्हणू शकत नाही. रात्री बसस्टँडवर झोपायची वेळ त्या मुलावर येते, माझ्यावर नाही. पण नाव बदलून मिळालेल्या खोलीत तो घरच्यांशी फोनवर कुठल्या आवाजात बोलणार, हे त्यालाही माहीत असतं.

एक काम मात्र असं आहे ज्यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून देशाची जनगणना व्हायचीय. 2011 च्या जनगणनेत मातृभाषेचा प्रश्न होता आणि त्यापुढे येत असलेल्या आणखी दोन भाषांचा. मातृभाषा जी असेल ती सांगा, उर्दू म्हणा, दखनी म्हणा, खोटं सांगायचं काही कारण नाही. पण पुढचा प्रश्न आला की त्यात मराठी आधी सांगा, आजीपासून नातीपर्यंत प्रत्येकाच्या नावापुढे. बाजारात भाजी विकणाऱ्या खालांना मराठी येते आणि त्यांच्या नावापुढे ती लिहिलेली नसेल, तर उद्या कुणी आकडे दाखवून म्हणेल की या लोकांना मराठी येतच नाही. प्रगणक घाईत असतो, दारावरचं नाव वाचून उरलेलं स्वतःच भरायचा मोह त्याला होऊ शकतो. त्याला बसायला खुर्ची द्या, चहा द्या, आणि काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखवायला सांगा.